'द हाउस ऑफ द रायझिंग सन' : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गिटार शिकायला येणारी मुलं पहिल्या दोन-तीन महिन्यांतच हे गाणं मागतात. कोणी वडिलांच्या जुन्या कॅसेटवर ऐकलेलं असतं, कोणी मोबाइलवर. चाल हाताशी आली की प्रश्न सुरू होतात, आणि ते वर्षानुवर्षं जवळजवळ तेच असतात. दर वेळी अर्धवट उत्तर देऊन पुढच्या कॉर्डकडे वळणं मला बरं वाटत नाही. या गाण्याच्या मागे इतकी माणसं उभी आहेत की त्यांची नीट ओळख करून द्यायलाच हवी. म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहून काढलं.

हे गाणं नक्की कोणाचं?

जी रेकॉर्ड सगळ्यांच्या कानात आहे ती 'द अ‍ॅनिमल्स' या इंग्लंडमधल्या न्यूकॅसल शहरातल्या रॉक बँडची. १९६४ सालची. गाणं मात्र त्यांनी रचलेलं नाही. ते अमेरिकेतलं लोकगीत आहे, तोंडातोंडी आलेलं. त्याचा मूळ कर्ता कोणालाच सापडलेला नाही. ज्यांनी ज्यांनी ते गायलं त्यांनी एखादी ओळ बदलली, एखादं कडवं गाळलं, चाल थोडी वळवली. अ‍ॅनिमल्स हे त्या साखळीतले बऱ्याच पुढचे गायक. त्यांच्यामुळे ते जगभर गेलं, हे त्यांचं श्रेय. पण 'अ‍ॅनिमल्सचं गाणं' एवढंच म्हणून थांबलं की आधीची सगळी माणसं पुसली जातात.

अ‍ॅनिमल्स म्हणजे कोण कोण?

एरिक बर्डन गायक, अ‍ॅलन प्राइस ऑर्गनवर, हिल्टन व्हॅलेंटाइन गिटारवर, चॅस चँडलर बेसवर आणि जॉन स्टील ड्रम्सवर. न्यूकॅसल हे टाइन नदीकाठचं कोळशाचं आणि गोद्यांचं शहर. चँडलर तर बँडमध्ये येण्याआधी तिथल्या गोदीत कामाला होता. शहरातल्या 'क्लब अ गो गो' नावाच्या क्लबमध्ये ही मुलं अमेरिकन कृष्णवर्णीय गायकांचं ब्लूज वाजवत. १९६४ च्या सुरुवातीला ती लंडनला आली आणि मिकी मोस्ट या निर्मात्याबरोबर रेकॉर्डिंग करू लागली. बर्डनचा आवाज ऐकून हा वयस्क, आयुष्य पाहिलेला माणूस असावा असं वाटतं. हे गाणं ध्वनिमुद्रित झालं तेव्हा त्याला तेविसावं वर्ष पूर्ण होऊन फक्त एक आठवडा झाला होता.

त्यांच्यापर्यंत गाणं आलं कसं?

बँडमधल्यांच्या आठवणी इथे जुळत नाहीत. बर्डनचं म्हणणं असं की, न्यूकॅसलमधल्या एका क्लबात जॉनी हँडल या लोकगायकाकडून त्यानं ते पहिल्यांदा ऐकलं. व्हॅलेंटाइन सांगायचा की कॉर्डची बांधणी त्यानं अमेरिकन गायक बॉब डिलनच्या पहिल्या अल्बमवरच्या याच गाण्यावरून उचलली. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. गाणं एका कानानं मनात शिरलेलं असतं आणि वाजवायची वेळ आली की हाताशी असलेली रेकॉर्ड लावून माणूस बोटं बसवतो. आपणही तसंच करतो.

डिलनच्या त्या पहिल्या अल्बमचा न्यूकॅसलच्या मुलांनी कसून अभ्यास केलेला दिसतो. त्यांचं या आधीचं, म्हणजे पहिलंच सिंगल 'बेबी लेट मी टेक यू होम' हेसुद्धा त्याच अल्बमवरच्या एका जुन्या गाण्याचं बदललेलं रूप होतं.

जॉनी हँडलबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. तो स्वतः कोळशाच्या खाणीत काम केलेला माणूस आणि खाणकामगारांची गाणी जपणारा. पुढचं उत्तर वाचलंत की मी हे का सांगितलं ते कळेल.

जॉर्जिया टर्नर कोण?

माझ्या मते हे या पानावरचं सर्वांत महत्त्वाचं नाव आहे, आणि सर्वांत कमी माणसांना माहीत असलेलं.

१९३७ साली अ‍ॅलन लोमॅक्स हा तरुण संग्राहक अमेरिकेच्या 'लायब्ररी ऑफ काँग्रेस'साठी लोकगीतं गोळा करत केंटकी राज्यातल्या डोंगराळ भागात हिंडत होता. बरोबर पत्नी एलिझाबेथ आणि थेट तबकडीवर आवाज कोरणारं अवजड यंत्र. सप्टेंबर महिन्यात ती दोघं मिडल्सबरो या गावात पोचली. तिथे सोळा वर्षांची एक मुलगी गायला पुढे आली. खाणकामगाराची मुलगी, नाव जॉर्जिया टर्नर. तिनं जे गायलं त्याची नोंद 'रायझिंग सन ब्लूज' अशी झाली. साथीला वाद्य नाही, फक्त तिचा आवाज.

लोमॅक्सनं केंटकीतच बर्ट मार्टिन नावाच्या आणखी एका गायकाकडून या गाण्याची काही वेगळी कडवी मिळवली. ती जॉर्जियाच्या कडव्यांना जोडून १९४१ साली त्यानं हे गाणं 'अवर सिंगिंग कंट्री' या संग्रहात छापलं. जॉर्जियाचं नाव त्यात दिलं आहे, हे लोमॅक्सच्या बाजूनं नोंदवायला हवं. शहरांतल्या लोकगायकांच्या हाती हा संग्रह पडला आणि पुढे न्यूयॉर्कच्या कॅफेंमध्ये जे रूप गायलं जाऊ लागलं, त्याच्या शब्दांचं मूळ मुख्यतः या मुलीच्या गाण्यात आहे.

आता नकाशा पाहा. केंटकीतलं हे मिडल्सबरो १८८६ च्या सुमारास इंग्लंडमधल्या भांडवलावर वसवलं गेलं, तिथल्या कोळशासाठी आणि लोखंडासाठी. नावही इंग्लंडमधल्या मिडल्सब्रो या लोखंडाच्या शहरावरून ठेवलं. ते इंग्लंडमधलं मिडल्सब्रो न्यूकॅसलपासून साठ-पासष्ट किलोमीटरवर आहे. म्हणजे इंग्लिश पैशानं उभ्या राहिलेल्या खाणगावात एका खाणकामगाराच्या मुलीनं गायलेलं गाणं सत्तावीस वर्षांनी इंग्लंडच्या कोळशाच्या शहरातल्या पोरांनी उचललं, आणि त्यांच्यातल्या एकाच्या कानावर ते घातलं होतं खाणीत राबलेल्या एका गायकानं. हे कोणी ठरवून केलेलं नाही. पण ज्या घरांत कर्ता पुरुष सकाळी जमिनीखाली उतरतो आणि संध्याकाळी वर येईल याची खात्री नसते, त्या घरांना हे गाणं समजावून सांगावं लागत नसणार, असं मला फार वाटतं.

जॉर्जिया पुढे मिशिगन राज्यात राहिली आणि १९६९ साली गेली. तोवर तिचं गाणं जगातल्या प्रत्येक रेडिओवर वाजून झालं होतं. तिच्या पदरात त्यातलं फारसं काही पडलं नाही.

तिच्याही आधी कोणी गायलं होतं का?

हो. सापडलेलं सर्वांत जुनं ध्वनिमुद्रण १९३३ मधलं, क्लॅरेन्स अ‍ॅश्ली आणि ग्वेन फॉस्टर या दोघांचं. हा ग्वेन पुरुष आहे, माउथ ऑर्गन आणि गिटार वाजवणारा. नावावरून पुष्कळांचा गोंधळ होतो. अ‍ॅश्लीनं हे गाणं आपल्या आजोबांकडून शिकल्याचं सांगितलं होतं. शब्द छापले गेले ते त्याहीपूर्वी, १९२५ साली, रॉबर्ट गॉर्डन हा संग्राहक 'अ‍ॅडव्हेंचर' मासिकात जुन्या गाण्यांचं सदर चालवायचा त्यात. त्याच्या मागचा माग लागत नाही.

गाण्यात गोष्ट काय आहे? मुलाची की मुलीची?

न्यू ऑर्लिन्स शहरात एक घर आहे, त्याला 'उगवता सूर्य' म्हणतात, त्या घरानं कित्येक गरीब पोरांची माती केली आणि मी त्यांतलाच एक, असं गाणारा सांगतो. आई शिवणकाम करणारी. बाप जुगारी. मग आईला विनवणी की, तुझ्या बाकीच्या लेकरांना सांग, माझ्यासारखं करू नका. आणि शेवटी, एक पाय फलाटावर, दुसरा गाडीत, पायात बेडी अडकवून घ्यायला मी परत तिकडेच निघालोय. हे शेवटचं चित्र मला कधीही ऐकलं तरी गलबलून टाकतं. त्याला ठाऊक आहे, सगळं ठाऊक आहे, आणि तरी तो गाडीत चढतो.

अ‍ॅनिमल्सच्या गाण्यात बोलणारा मुलगा आहे. जॉर्जिया टर्नरच्या गाण्यात मुलगी आहे, आणि तिथे जुगारी बापाऐवजी तिचा दारुडा प्रियकर येतो. डिलननंही मुलीच्याच तोंडचे शब्द गायले. मुलगी बोलू लागली की 'ते घर' म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही. मुलगा बोलू लागला की ते जुगाराचा अड्डा, गुत्ता, तुरुंग, काहीही होऊ शकतं. रेडिओवर वाजायला हे सोयीचं होतं यात शंका नाही. पण हा बदल सर्वस्वी अ‍ॅनिमल्सनी केला असं मात्र नाही. अ‍ॅश्लीच्या १९३३ च्या रेकॉर्डमध्येही बोलणारा पुरुषच आहे.

मला स्वतःला मुलीचं रूप अधिक भिडतं. आईला उद्देशून म्हटलेली ओळ मुलीच्या तोंडी आली की धाकट्या बहिणीसाठी केलेली विनवणी होते.

ते घर खरंच होतं का?

न्यू ऑर्लिन्सला जाणाऱ्या पर्यटकांना आजही घरं दाखवली जातात. खात्रीलायक पुरावा कशाचाच नाही. चर्चेत असलेले दावे सांगतो.

एक, काँटी स्ट्रीटवर 'रायझिंग सन' नावाचं एक हॉटेल १८२० च्या सुमारास होतं आणि ते १८२२ साली जळालं. त्या जागी २००५ मध्ये उत्खनन झालं तेव्हा सौंदर्यप्रसाधनांच्या बऱ्याच बरण्या निघाल्या, त्यावरून तर्क लढवले गेले. दोन, एका फ्रेंच बाईनं चालवलेलं वेश्यागृह, ज्याच्या नावात उगवता सूर्य होता असं सांगतात. तीन, बायकांचा तुरुंग. न्यूयॉर्कचा लोकगायक डेव्ह व्हॅन राँक यानं आपल्या आठवणींत लिहिलंय की, त्याला न्यू ऑर्लिन्समध्ये जुने फोटो दाखवण्यात आले आणि त्यांतल्या बायकांच्या तुरुंगाच्या दारावर उगवता सूर्य कोरलेला होता.

बेडीची ओळ लक्षात घेतली तर तुरुंगाचा अर्थ जास्त चपखल बसतो. दुसरीकडे, 'रायझिंग सन' हे इंग्लंडमधल्या दारूच्या गुत्त्यांचं अगदी नेहमीचं नाव आहे. समुद्र ओलांडून आलेल्या एखाद्या जुन्या इंग्लिश गाण्यातला गुत्ता अमेरिकेत आल्यावर न्यू ऑर्लिन्सचा झाला असेल, हाही विचार अभ्यासकांनी केला आहे. मी मुलांना सांगतो, पत्ता शोधू नका. ज्या मुलीनं ते केंटकीत गायलं तिच्यासाठी न्यू ऑर्लिन्स हे दूरचं, मोठं, मोहाचं शहर होतं, तेवढं पुरे.

एकाच टेकमध्ये रेकॉर्ड झालं हे खरं का?

खरं आहे. मे १९६४ मध्ये अ‍ॅनिमल्स चक बेरीबरोबर इंग्लंडच्या दौऱ्यावर होते. रॉक अँड रोलच्या त्या बादशहासमोर त्याच्यासारखंच धडाडीचं काही वाजवून निभाव लागणार नाही, हे त्यांना कळत होतं. म्हणून त्यांनी उलट केलं. आपला कार्यक्रम संपवताना संथ, काळोखं, दुःखाचं गाणं. लोक सुन्न व्हायचे आणि मग टाळ्यांचा कडकडाट.

१८ मे रोजी, दौऱ्यातल्या दोन कार्यक्रमांच्या मधल्या वेळेत, भल्या सकाळी ते लंडनच्या किंग्जवेवरच्या 'डी लेन ली' स्टुडिओत पोचले. पाचही जण एकाच वेळी वाजवत होते. पहिला टेक झाला आणि मिकी मोस्टनं तोच घेतला. सगळं काम पाव तासात आटोपलं असं तो सांगायचा. याचं नवल वाटायला नको. रोज रात्री प्रेक्षकांसमोर वाजवून वाजवून गाणं घोटून झालेलं होतं. आमच्याकडे रियाज म्हणतात तो त्यांनी दौऱ्याच्या रंगमंचावर केला होता.

त्या काळी गाणी अडीच-तीन मिनिटांची असत. हे साडेचार मिनिटांचं कसं चाललं?

चालणार नाही असंच रेकॉर्ड कंपनीत वाटत होतं. रेडिओवर इतकं लांब गाणं कोण लावणार? मिकी मोस्टला आधी या गाण्याबद्दल फारसा भरवसा नव्हता, पण ध्वनिमुद्रण ऐकल्यावर त्यानं लांबी कमी करायला नकार दिला. इंग्लंडमध्ये ते पूर्ण लांबीचं निघालं. अमेरिकेत मात्र एमजीएम कंपनीनं कापून तीन मिनिटांच्या आत बसवलं. तुमच्या ऐकण्यात ऑर्गनचा सोलो तुटल्यासारखा वाटला तर तुम्ही ती कापलेली आवृत्ती ऐकताय. पूर्ण ऐका. कडव्यामागून कडवं येताना ताण कसा वाढत जातो, ते कापलेल्या गाण्यात हरवतं.

कॉर्ड कोणत्या? आणि त्या इतक्या अस्वस्थ का करतात?

पट्टी ए मायनर. क्रम असा: ए मायनर, सी, डी, एफ; मग ए मायनर, सी, ई; पुन्हा ए मायनर, सी, डी, एफ; आणि शेवटी ए मायनर, ई, ए मायनर, ई. संपूर्ण गाणं एवढ्यावर. दुसरा भाग नाही, ध्रुपद नाही, एकच आवर्तन पुन्हा पुन्हा.

अस्वस्थ का करतात, हे आपल्याकडच्या स्वरांच्या भाषेत फार छान समजतं. 'ए'ला षड्ज धरा. ए मायनरमध्ये येतात सा, कोमल गंधार आणि पंचम. सी मध्ये कोमल गंधार, पंचम, कोमल निषाद. इथवर सगळं एका घरातलं. मग डी येते: मध्यम, शुद्ध धैवत, सा. शुद्ध धैवत लागला की क्षणभर उजेड पडतो, काफीसारखा. आणि लगेच पुढची एफ: कोमल धैवत, सा, कोमल गंधार. तोच धैवत एका पावलात खाली दबला. दार उघडलं आणि तोंडावर बंद झालं. पुढच्या ओळीच्या शेवटी ई मेजर येते: पंचम, शुद्ध निषाद, शुद्ध रिषभ. मघाचा कोमल निषाद आता शुद्ध झाला आणि तो 'सा'च्या दिशेनं ओढ घेतो, म्हणून चक्र पुन्हा सुरू करावंच लागतं. दोन्ही धैवत, दोन्ही निषाद, आणि खालचा सूर ए, सी, डी, एफ असा पायरी पायरीनं वर चढत जाणारा. चढतोय असं वाटतं आणि माणूस परत त्याच घराच्या दाराशी. गोष्ट आणि कॉर्ड एकच सांगतात.

गिटारवर एखादा विद्यार्थी डी वरून एफ वर जातो तेव्हा मी त्याला थांबवतो. फक्त तो एक सूर, आधी शुद्ध मग कोमल, वेगळा वाजवून दाखवतो. खोलीत जरा शांत होतं. त्यानंतर ती मुलं ती एफ कधी घाईनं वाजवत नाहीत.

जुन्या सगळ्याच गायकांकडे हा मायनरचा रंग नव्हता, हेही सांगतो. अ‍ॅश्लीची रेकॉर्ड ऐकलीत तर मेजरमधली, जवळजवळ हसरी चाल ऐकू येते आणि शब्द मात्र तेच.

ताल कोणता? दादरा धरला तर चालेल?

चालेल. सहा-अष्टमांश आहे, तीन-तीनचे दोन भाग. प्रत्येक कॉर्डला सहा मात्रा, म्हणजे दादऱ्याचं एक आवर्तन; फक्त दुसऱ्या ओळीच्या शेवटची ई दोन आवर्तनं. तबला येणाऱ्या मुलांना हे सांगितलं की त्यांचा हात लगेच सुटतो. फक्त ठेक्याला लाड नको. जॉन स्टीलचे ड्रम्स ऐका, सुरुवातीला झांजेवर हलकेच आणि मग कडव्यागणिक वजन वाढत जाणारे.

सुरुवातीची गिटार पिकनं (तारा छेडायच्या छोट्या पट्टीनं) वाजवायची की बोटांनी?

व्हॅलेंटाइननं पिकनं वाजवली आहे, इलेक्ट्रिक गिटारवर. जाड तारेवरून एकेक तार घेत पातळ तारेपर्यंत आणि परत. पिकचा हात सैल ठेवा, मनगटातून. बोटांनी वाजवली तर गोड होते, आणि या गाण्याला गोडवा नको, धार हवी.

एफ बसत नसेल तर खचू नका. मी शिकत होतो तेव्हा पूर्ण बार धरण्यासाठी, म्हणजे एकाच बोटानं सगळ्या तारा दाबण्यासाठी, तर्जनी इतकी दाबायचो की नखाखालून पेरापर्यंत सहा तारांच्या सहा रेघा उमटायच्या, आणि तरी दुसरी तार मुकीच राहायची. माझ्या शिक्षकांनी एके दिवशी काही न बोलता माझं बोट किंचित कलतं केलं, हाडाच्या कडेवर आणलं, आणि कोपर पोटाजवळ घेतलं. सगळ्या तारा बोलल्या. तोच उपाय मी आजही सांगतो. तोवर चार पातळ तारांची छोटी एफ वाजवा; गाणं अडून राहू नये.

ते कीबोर्डसारखं वाद्य कोणतं?

व्हॉक्स काँटिनेंटल हा हलका, उचलून नेता येणारा इलेक्ट्रिक ऑर्गन. आपल्या ऑर्केस्ट्रांमध्ये पुढे जे ऑर्गन आले त्याच कुळातला आवाज. अ‍ॅलन प्राइसच्या सोलोमुळे गाण्याचा मध्य पेटतो. पहिल्या दोन कडव्यांत तो मागे राहून सूर धरतो. बर्डनचा आवाज चढला की तोही चढतो.

किती गाजलं?

जून १९६४ मध्ये निघालं, जुलैत इंग्लंडमध्ये पहिल्या क्रमांकावर. सप्टेंबरमध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर, तीन आठवडे. त्या वर्षी अमेरिकेत उसळलेल्या ब्रिटिश गाण्यांच्या लाटेत बीटल्सशी काही संबंध नसलेलं हे पहिलं अव्वल गाणं. इंग्लंडमध्ये १९७२ आणि १९८२ साली पुन्हा काढलं तेव्हाही ते तक्त्यावर चढलं.

अ‍ॅनिमल्सनी डिलनचं चोरलं, असं म्हणतात ते बरोबर का?

हा आरोप ज्याच्यावर करायचा त्याच्या मागे आणखी एक माणूस उभा असतो. डिलननं हे गाणं नोव्हेंबर १९६१ मध्ये ध्वनिमुद्रित केलं, ते व्हॅन राँकच्या बांधणीवरून, आणि त्याला न विचारता. व्हॅन राँक तेच गाणं स्वतः रेकॉर्ड करायच्या तयारीत होता. खालचे सूर अर्ध्या-अर्ध्या स्वरानं उतरत नेणारी जी बांधणी होती, ती त्याची. डिलनचा अल्बम निघाला आणि लोक व्हॅन राँकलाच म्हणू लागले, तू डिलनचं गाणं गातोस. वैतागून त्यानं ते गाणं सोडलं. मग अ‍ॅनिमल्सची रेकॉर्ड आली आणि लोक डिलनला म्हणू लागले, तू अ‍ॅनिमल्सचं गातोस. त्यानंही सोडलं. व्हॅन राँक स्वतः ही हकीकत मोठ्या मनानं सांगायचा.

लोकगीत घेणं ही चोरी नाही. पण ज्याच्याकडून घेतलं त्याचं नाव घ्यावं, विचारावं, हा साधा शिष्टाचार आहे, आणि डिलन तिथे चुकला असं माझं मत आहे.

लेबलवर फक्त अ‍ॅलन प्राइसचं नाव का?

रेकॉर्डवर छापलं होतं: पारंपरिक, बांधणी अ‍ॅलन प्राइस. बर्डननं सांगितलेलं कारण असं की, लेबलवर पाच नावांना जागा नव्हती आणि इंग्रजी वर्णमालेत अ‍ॅलनचं नाव सर्वांत आधी येतं. तेवढ्यावरून बांधणीचं मानधन कायमचं एकट्याच्या नावे जमा होऊ लागलं. ज्या गिटारच्या आवर्तनावरून जग हे गाणं ओळखतं ते वाजवणाऱ्या व्हॅलेंटाइनला त्यातलं काही मिळालं नाही, आणि ही सल त्याला अखेरपर्यंत राहिली. तो जानेवारी २०२१ मध्ये गेला.

एवढ्याशा गोल कागदावर जागा नाही म्हणून चार नावं गेली. जॉर्जिया टर्नरचं तर मुळात आलंच नव्हतं. मुलांनो, तुम्ही बँड केलात तर पहिल्या गाण्याआधी कोणाचं काय ते लिहून ठेवा. मैत्री टिकण्यासाठीच सांगतोय.

याला फोक म्हणायचं, रॉक की पॉप?

गाणं फोक, वाद्यमेळ रॉकचा, विक्री पॉप सिंगल म्हणून. अमेरिकेत 'फोक-रॉक' हा शब्द १९६५ मध्ये रुळला. त्याच्या वर्षभर आधी न्यूकॅसलच्या या पाच जणांनी ती गोष्ट करून दाखवली होती.

पुढे बँडचं काय झालं?

अ‍ॅलन प्राइस १९६५ मध्ये बाहेर पडला आणि १९६६ मध्ये मूळ बँड फुटला. त्याच वर्षी चॅस चँडलरनं न्यूयॉर्कच्या एका कॅफेत एका अनोळखी गिटारवादकाला ऐकलं, बेस बाजूला ठेवला आणि त्याला लंडनला घेऊन आला. तो म्हणजे पुढे जगभर गाजलेला जिमी हेंड्रिक्स. १९९४ मध्ये पाचही जणांचा 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'मध्ये समावेश झाला. चँडलर १९९६ मध्ये वारला.

आणखी कोणाकोणाचं ऐकावं? आणि कोणत्या क्रमानं?

यादी प्रचंड आहे. लेड बेली, वूडी गथ्री, जोश व्हाइट, जोन बाएझ, नीना सिमोन, डॉली पार्टन. फ्रान्समध्ये जॉनी हालिडेनं १९६४ मध्येच ते फ्रेंचमध्ये गायलं, आणि तिथे ते घर सरळ तुरुंग झालं. १९७० च्या सुमारास 'फ्रिजिड पिंक' या अमेरिकन बँडनं ते कर्कश गिटारवर वाजवलं, तेही चाललं.

मी मुलांना उलट्या क्रमानं ऐकायला लावतो. आधी अ‍ॅनिमल्स, कारण ते ओळखीचं. मग डिलन, एकटी गिटार आणि चिरका आवाज. मग अ‍ॅश्ली आणि फॉस्टर, ती मेजरमधली चाल. आणि सगळ्यांत शेवटी जॉर्जिया टर्नर. रात्री ऐका, हेडफोन लावून. आधी तबकडीची खरखर येते, मोठी आहे, घाबरू नका, कान दोन-चार सेकंदांत सरावतात. मग त्या खरखरीतून ती सोळा वर्षांची मुलगी गाऊ लागते, वाद्याशिवाय, घाई न करता.